इंग्रजीची धास्ती आणि शिकण्याची ओढ

जून महिना जवळ आला की आपल्या व्यापारी कुटुंबांतून एक चर्चा हमखास रंगते. मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे, शुल्क किती, शिकवणी कोणाची लावावी, शेजारच्या पेढीवाल्यांच्या नातवाने कोठे प्रवेश घेतला. चर्चा संपते, प्रवेश होतो, आणि दहा वर्षांनी निराळाच प्रश्न उभा राहतो. दहावीला इंग्रजीत ऐंशीच्या वर गुण मिळवलेली मुलगी दुकानात बसलेली असते. कोइमतूरच्या पुरवठादाराचा फोन येतो, पलीकडचा मनुष्य इंग्रजीत बोलू लागतो, आणि मुलगी मुकाट्याने फोन काकांच्या हाती देते. काका सातवी शिकलेले. 'यस सर, माल सेंड, पेमेंट मंडे पक्का' एवढ्या भांडवलावर ते व्यवहार पुरा करतात.

काकांना गरज आहे आणि चुकण्याची लाज नाही. मुलीजवळ शब्द आहेत, व्याकरण आहे. पण इंग्रजीत काही बोलावे असे कारण दहा वर्षांत तिच्यापुढे क्वचितच ठेवले गेले. तिला प्रश्नांची उत्तरे देण्याची सवय आहे, आणि ती उत्तरेही आधी पाठ केलेली.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. म्हणजे शिकण्याची वर्षे वाढली. आज पुष्कळशी घरे इंग्रजी माध्यमाकडे वळली आहेत. तेथे तर सारेच विषय इंग्रजीत. तरीही वर्षांच्या प्रमाणात भाषा अंगवळणी पडते असे दिसत नाही. शिकण्याची इच्छाच जागी झाली नसेल, तर तासिका वाढवून काय साधणार?

जुन्या पद्धतीला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी इंग्रजी शिकून घेतले. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, नियम ध्यानात ठेवा. त्यातून उत्तम वाचणारी आणि नेटका पत्रव्यवहार करणारी माणसे तयार झाली. पण ती माणसे बहुधा स्वतःहून शिकायला आलेली, नोकरीची वा व्यापाराची निकड असलेली होती. तीच पद्धत निकड नसलेल्या नऊ वर्षांच्या मुलासमोर ठेवली की ती केवळ शिक्षा ठरते.

भाषा शिकण्याची प्रेरणा कोठून येते, याचा पद्धतशीर विचार कॅनडातील रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ पासून मांडला. माँट्रियल शहरात फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांचा त्यांनी अभ्यास केला. काहींना फ्रेंच समाजाशी जवळीक साधण्याची इच्छा असते, काहींना नोकरी वा पदवीसारखा लाभ हवा असतो. पहिल्या प्रकारची ओढ अधिक फलदायी, असे त्यांना आढळले. आपल्याकडे मात्र चित्र निराळे निघाले. यास्मिन लुकमानी यांनी मुंबईतील मराठी भाषक शाळकरी विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रज वा अमेरिकन माणसासारखे व्हावे ही या मुलांची आस नव्हतीच. ज्यांची व्यावहारिक प्रेरणा बळकट, त्यांचे इंग्रजी अधिक चांगले, असा निष्कर्ष निघाला. आपली भाषा, आपले घर, आपल्या चालीरीती कायम ठेवून इंग्रजी हे साधन म्हणून हवे, ही भूमिका कमी दर्जाची नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. घरात इंग्रजी वातावरण नाही म्हणून खंत करणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

मात्र येथे एक अडचण आहे. वीस वर्षांनी मिळणारा नफा दाखवून नऊ वर्षांच्या मुलाला आज अभ्यासाला बसवता येत नाही. 'पुढे एम.बी.ए. करायचे आहे, परदेशी माल पाठवायचा आहे' ही आपली गणिते, त्याची नव्हेत. त्याला आजच्या आज, या अर्ध्या तासात, इंग्रजीची गरज भासली पाहिजे. ती निर्माण कशी करावी, हाच शिक्षकाचा खरा व्यवसाय. यासंबंधी आपल्या शेजारच्या राज्यात झालेला एक प्रयोग जगभरच्या भाषाशिक्षकांना ठाऊक आहे, पण आपल्याकडील पालकांच्या कानी तो क्वचितच गेला असेल.

मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजी अध्यापनाचे काम पाहणारे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही साध्या शाळांत हा प्रयोग चालवला. बंगळूर प्रकल्प या नावाने तो ओळखला जातो. उच्चभ्रू शाळा नव्हत्या, यंत्रसामग्री नव्हती. फळा, खडू आणि भरलेला वर्ग. प्रभूंचे म्हणणे थोडक्यात असे, की मुलाचे लक्ष भाषेच्या रूपाकडे नसून अर्थाकडे असते, तेव्हा भाषा अधिक चांगली रुजते. म्हणून त्यांनी तासाच्या मध्यभागी व्याकरणाचा नियम न ठेवता एक काम ठेवले. रेल्वेचे वेळापत्रक फळ्यावर लिहायचे आणि विचारायचे: अमुक गाडी कोठे किती वाजता पोहोचते? मधल्या स्थानकावर किती वेळ थांबते? दुपारी दोनपर्यंत तेथे पोहोचायचे असेल तर कोणती गाडी धरावी? उत्तर वेळापत्रकात सरळ लिहिलेले नसते, ते तर्काने काढावे लागते. आणि प्रश्न, वेळापत्रक, उत्तर सारे इंग्रजीत.

तासाची घडणही विचारपूर्वक केलेली होती. आधी शिक्षक साऱ्या वर्गाबरोबर एक काम तोंडी सोडवी. मग त्याच धर्तीचे दुसरे काम प्रत्येक मुलाने एकट्याने करायचे. तपासताना उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहायचे. वाक्यरचनेसाठी गुण कापायचे नाहीत. मुलाने अर्धवट वाक्य बोलले तर शिक्षक तेच नीट करून सहज उच्चारी आणि पुढे जाई, जसे घरात आई बोबड्या बोलाला नीट शब्दाने उत्तर देते. मुलांना अडले तर मातृभाषा वापरण्यास मज्जाव नव्हता. गटचर्चेवर मात्र प्रभूंचा फारसा भर नव्हता, कारण मुले आपसांत एकमेकांचे चुकीचे इंग्रजीच पक्के करतील अशी त्यांना शंका होती. आजच्या रंगीबेरंगी 'ॲक्टिव्हिटी' शाळांना हे मत रुचणार नाही. मला ते बरेचसे पटते.

कामाची अवघडता ठरवण्याचा त्यांचा मापदंड तर कोणाही व्यापाऱ्याला समजेल असा. वर्गातील निदान अर्ध्या मुलांना निदान अर्धे काम जमले पाहिजे. त्याहून कमी जमले तर काम फार कठीण, मुले हात टेकतील. सगळ्यांना सगळेच जमले तर त्यात चुरस उरत नाही. यशाची शक्यता दिसते पण खात्री नसते, अशा ठिकाणीच मन गुंतते. पुढे झालेल्या मूल्यमापनात ज्या गटाला जसे शिकवले तशाच धर्तीच्या चाचणीत तो गट साधारणतः पुढे राहिला, म्हणून निकाल निर्विवाद नव्हता. पण साध्या वर्गातली मुलेही इंग्रजीतून विचार करू शकतात, एवढे या प्रयोगाने दाखवून दिले. प्रभूंनी हे सारे १९८७ च्या आपल्या ग्रंथात मांडले आणि 'कार्याधारित अध्यापन' या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीला त्यातून मोठी चालना मिळाली.

आता आपल्या घराकडे पाहू. रेल्वेच्या वेळापत्रकासारखी साधने व्यापारी कुटुंबात पदोपदी विखुरलेली असतात. बिस्किटाचा पुडा किंवा सूपचे पाकीट घ्या. हिरवे चिन्ह आहे म्हणजे पदार्थ शाकाहारी, एवढेच कळते. पण कांदा-लसूण, बटाटा वर्ज्य असलेल्या घराला ते पुरत नाही, कारण अनियन पावडर, गार्लिक पावडर, पोटॅटो स्टार्च हे सारे हिरव्या चिन्हाखाली बसतात. मागची बारीक अक्षरांतील इंग्रजी यादी वाचूनच निर्णय करावा लागतो. हे काम दहा वर्षांच्या मुलीकडे सोपवून पाहा. 'हे आपल्याकडे चालेल का?' हा आजीचा प्रश्न खरा आहे, उत्तर कोणालाच आधी ठाऊक नाही, आणि चूक झाली तर परिणाम ताटात दिसणार आहे. अशा प्रश्नासाठी मूल शब्दकोश स्वतः काढते. पाठ्यपुस्तकातील 'रिकाम्या जागा भरा' या प्रश्नाला ते भाग्य कधी लाभत नाही.

दुकानातही तेच. खोक्यावरच्या सूचना, औषधाच्या बाटलीवरील मुदत, कुरिअर कोठवर आले याचा संदेश, परगावच्या कंपनीने पाठवलेले दरपत्रक. दोन कंपन्यांची दरपत्रके मुलासमोर ठेवा आणि वाहतूक खर्च धरून कोणता माल स्वस्त पडेल ते विचारा. हिशेब त्याच्या रक्तात आहे. इंग्रजी त्या हिशेबाच्या पाठीवर बसून येईल. उत्तर मराठीत, गुजरातीत किंवा मारवाडीत दिले तरी चालेल. वाचताना समज इंग्रजीतूनच घडलेली असते. पालकांना इंग्रजी येत नसेल तर उलट बरेच, कारण मग मुलाची मदत त्यांना खरोखर लागते आणि मुलाला हे कळते.

बक्षिसाचा विषय आपल्याकडे अगत्याने निघतो. 'नव्वद टक्के आण, सायकल घेतो.' व्यवहारी घराला हा सौदा स्वाभाविक वाटतो. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग या बाबतीत विचार करायला लावतो. रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना त्यांनी आधी सांगितले, की चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिले, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुले त्या पेनांकडे पूर्वीपेक्षा कमी वळू लागली होती. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड टिकून होती. खेळाचे मजुरीत रूपांतर झाले की मजुरी थांबताच काम थांबते. म्हणून बक्षीस द्यावे, पण कबुलीने नव्हे, कौतुकाने. आणि सायकलीपेक्षा 'तू वाचलेस म्हणून चुकीचा माल परत पाठवता आला' हे वाक्य अधिक दिवस पुरते.

एका प्रथेविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. पाहुणे आले की मुलाला बोलावून 'काकांना इंग्रजीत कविता म्हणून दाखव' असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मूल अडखळते, कोणी हसतो, कोणी उच्चार सुधारतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी भावनिक गाळणीची कल्पना मांडली आहे. भीती, संकोच, अपमान यांनी ही गाळणी दाट होते आणि कानावर पडलेली भाषा आत झिरपतच नाही. त्यांच्या इतर सिद्धांतांवर मतभेद पुष्कळ आहेत. पण हा अनुभव कोणत्याही शिक्षकाला विचारावा. चारचौघांत हसू झालेले मूल पुढे वर्ष-दोन वर्षे हात वर करीत नाही. इंग्रजी ही घराच्या प्रतिष्ठेची बाब झाली की तिचे ओझे सर्वांत लहान खांद्यावर येते.

वाचनाबाबत फिजी बेटांवरील एक उदाहरण फार बोलके आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तेथील ग्रामीण शाळांत, जेथे इंग्रजी ही मुलांची घरची भाषा नव्हती आणि पुस्तकांचा दुष्काळ होता, चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीतील २५० सचित्र गोष्टींची पुस्तके पुरवली. काही वर्गांत शिक्षक मुलांसह गोष्ट वाचून तिच्यावर गप्पा मारीत, काहींत मुले आपापली मूकवाचन करीत. आठ महिन्यांनी वाचन आणि श्रवण आकलनात या मुलांची प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली, असे १९८३ च्या त्यांच्या अहवालात नमूद आहे. शिकवणीच्या वर्षभराच्या शुल्कात गोष्टींची किती पुस्तके येतील, याचा हिशेब वाचकांनीच मांडावा. पुस्तके मात्र मुलाच्या इयत्तेपेक्षा सोपी घ्यावीत. पानोपानी अडखळायला लागले तर गोष्ट मरते.

हंगेरीचे झोल्टन डॉर्नेई आणि काटा चिझेर यांनी १९९८ मध्ये आपल्या देशातील २०० इंग्रजी शिक्षकांची मते गोळा करून प्रेरणा वाढवणारे दहा उपाय निवडले. त्यांत पहिला कोणता निघाला? शिक्षकाने स्वतःच्या वागण्याने घालून दिलेले उदाहरण. विषयात ज्याला स्वतःलाच रस नाही, त्याचे तास मुलांना दहा मिनिटांत ओळखू येतात. प्रभूंनीही १९९० मधील एका लेखात सर्वश्रेष्ठ अशी एकच पद्धत नसते असे सांगून शिक्षकाच्या स्वतःच्या, जिवंत असलेल्या समजुतीला महत्त्व दिले.

शिकवणी लावताना म्हणूनच फलकावरील 'तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी' या आश्वासनावर जाऊ नये. शक्य असल्यास एक तास मागच्या बाकावर बसून पाहावा. त्या तासात शिक्षक किती वेळ बोलला आणि मुले किती वेळ बोलली? मुलांच्या तोंडी आलेली वाक्ये पुस्तकातली होती की स्वतःची? कोणी चुकले तेव्हा वर्ग हसला का, आणि हसला तर शिक्षकाने काय केले? लग्नानंतर आपल्या गावी आलेल्या, इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्या सुनांच्या वर्गालाही हेच प्रश्न लागू पडतात. तेथे तर व्याकरणाच्या पहिल्या पाठाऐवजी बँकेचा अर्ज, मुलाच्या शाळेची सूचनावही आणि दवाखान्याचा कागद टेबलावर असावा.