पोकरमधील पत

अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून पसरलेला पोकर हा पत्त्यांचा खेळ आतां जगभर खेळला जातो. त्यांत प्रत्येकाचीं कांहीं पानें झांकलेलीं असतात आणि त्यांच्या बळावर पैसे लावावयाचे असतात. लावलेल्या रकमेची बरोबरी ज्याला करावयाची नसेल, तो पानें टाकून डाव सोडतो; आणि बाकी सर्वांनीं डाव सोडला, तर उरलेल्या एकाला पानें न दाखवितांच मधली सारी रक्कम मिळते. म्हणून हलक्या पानांवरही मोठी रक्कम लावून इतरांना हूल देतां येते. परंतु त्या हुलीला कोणी भ्यावें कीं नाहीं, हें ती देणाऱ्याच्या मागल्या वर्तनावर ठरतें. त्या वर्तनावरून इतरांच्या मनांत त्याच्याविषयीं जी समजूत बसते, ती त्याची टेबलावरील पत होय.

समजा, एक खेळाडू तासभर बहुतेक डाव सोडीत आहे. दोनदांच त्यानें पैसे लावले, आणि दोन्ही वेळां पानें उघडलीं तेव्हां तीं भारी निघालीं. त्याच्या शेजारचा मात्र जवळजवळ प्रत्येक डावांत पडतो, आणि दोनदां त्याची हूल उघडी पडली आहे. पहिला सावध म्हणून ओळखला जातो, दुसरा उधळ्या म्हणून. मध्यें १०० डॉलर जमले असतां यांपैकीं एकानें शेवटीं आणखी १०० डॉलर लावले, तर समोरच्यानें काय करावें ?

हिशेब सोपा आहे. १०० डॉलर भरून त्याला २०० डॉलर जिंकण्याची आशा असते. त्याचीं पानें केवळ हुलीलाच हरवूं शकणारीं असतील, तर तिनांतून एकाहून अधिक वेळां समोर हूल असेल तरच पैसे भरणें फायद्याचें. सावध खेळाडू दहांतून एकदां हूल देत असेल, असें वाटल्यावर तो पानें टाकतो. उधळ्या निम्म्या वेळां हूल देतो, असें वाटल्यावर तो पैसे भरतो. येथेंच पतीचा उपयोग होतो. सावधाच्या हुलीपुढें निम्म्याहून अधिक वेळां माघार घेतली गेली, कीं त्या हुलींत त्याचा नफाच आहे. उधळ्यानें तेथें हूल देणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें. परंतु त्याच्या हातीं खरोखर भारी पानें आलीं, कीं सावधाला न मिळणारे पैसे त्याला मिळतात.

या गोष्टीचा गणिती विचार जॉन फॉन न्यूमन यांनीं केला. त्यांनीं व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या खेळांच्या सिद्धान्तावरील ग्रंथांत पोकरला स्वतंत्र विभाग आहे. त्यांत हूल देण्याचे दोन हेतु सांगितले आहेत : दुबळीं पानें असतां बळाचा भास करणें, आणि भारी पानें असतां दुबळेपणाचा संशय जागा ठेवणें. दुसऱ्या हेतूच्या दृष्टीनें पकडली गेलेली हूलही अगदींच वायां जात नाहीं. जो कधींच हूल देत नाहीं, त्याच्या भारी पानांना गिऱ्हाईकच मिळत नाहीं.

तथापि पत ही खर्ची पडणारी वस्तु आहे. सावधाची हूल एकदां उघडी पडली, कीं ‘लांडगा आला’ म्हणून ओरडणाऱ्या मुलाची गत होते. शिवाय जें दिसतें त्यावरच ती उभी असते. सलग पांच डाव भारी पानें आलीं आणि तीं कोणीं पाहिलींच नाहींत, तर सावध माणूसही उधळ्या ठरतो. नुकत्याच येऊन बसलेल्याला मागच्या तासाची वार्ता नसते. जो स्वतःच्या पानांपलीकडे पाहत नाहीं, त्याला दोघेही सारखेच. आपला संयम सर्वांनीं टिपला आहे असें धरून चालणें, ही येथली नेहमींची आणि महाग चूक होय.

पिट्सबर्ग येथें जानेवारी २०१७ मध्यें कार्नेगी मेलन विद्यापीठांतील टुओमास सँडहोम व नोम ब्राउन यांनीं रचलेल्या ‘लिब्राटस’ या संगणक-खेळाडूनें चार व्यावसायिकांशीं एकंदर १,२०,००० डाव खेळून त्यांना हरविलें. समोरच्याचा स्वभाव ओळखण्यावर त्याची भिस्त नव्हती. हूल व भारी पानें यांचें प्रमाण असें राखावयाचें, कीं समोरच्यानें कांहींही केलें तरी त्यांतून त्याला लाभ होऊं नये, असें त्याचें धोरण होतें. अशा प्रतिपक्षापुढें कमावलेली पत कवडीमोल ठरते. माणसांत ती चालते, कारण माणूस पाहतो, लक्षांत ठेवतो आणि अनुमान बांधतो. म्हणूनच जाणता खेळाडू शेवटची रक्कम लावण्यापूर्वीं हातांतील पानांबरोबर आणखी एक गोष्ट तपासतो : समोरच्यानें गेल्या तासांत आपलें काय पाहिलें आहे.