झेरॉक्स काढण्याआधी रोल नंबर झाका!

दुसऱ्याची असाइनमेंट झेरॉक्स करताना हुशार लोक पहिल्या पानावरचा रोल नंबर आधी झाकतात. (कोण ते विचारू नका.) व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत मात्र ही अक्कल कोणी वापरत नाही. माझी शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखन जरा सांभाळून घ्या.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. वीस मशीन हवी असतील तर वीसदा लिनक्स टाकत कोण बसणार? एक नीट सेट करायचं आणि त्याचे क्लोन मारायचे. आता झेरॉक्समध्ये रोल नंबरही छापून येतोच. होस्टनेम सारखं आलं हे लगेच दिसतं. मॅक ॲड्रेस बहुतेक सॉफ्टवेअर क्लोन करताना बदलून देतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. लिनक्समध्ये ईटीसी फोल्डरात मशीन-आयडी नावाची छोटीशी फाइल असते. उबंटू सर्व्हर १८.०४ डीएचसीपीकडे ॲड्रेस मागताना आपली ओळख मॅकवरून नाही, या फाइलवरून तयार करून देतो. ती सगळ्या क्लोनमध्ये सारखी, मग डीएचसीपी सर्व्हर बिचारा समजतो की हे एकच मशीन आहे, आणि दोघांना एकच आयपी देऊन टाकतो!

आमच्या बॅचमध्ये सबमिशनच्या दोन दिवस आधी नेमकं हेच झालं. एका ग्रुपने आपलं मशीन समजून शेजारच्या ग्रुपचा डेटाबेस साफ केला. पासवर्ड क्लोनमुळे सारखाच. मशीन बदललं की एसएसएच एरवी केवढा आरडाओरडा करतं, पण त्याच्या होस्ट कीसुद्धा झेरॉक्स झालेल्या, म्हणून तेही गप्प. दोन रात्री कोणी झोपलं नाही.

उपाय क्लोन मारण्याआधी करायचा. मशीन-आयडी फाइल रिकामी करा (डिलीट नको, रिकामी), पुढच्या बूटला नवीन आयडी बनतो. होस्ट की काढून टाका. डेबियन-उबंटूवर त्या आपोआप परत येत नाहीत, ओपनएसएसएच सर्व्हर पॅकेज रिकॉन्फिगर करावं लागतं. क्लाउड-इनिट असेल तर ते हे काम करतं, होस्टनेमही देतं. नाव हाताने बदललंत तर होस्ट्स फाइलमधली १२७.०.१.१ ची ओळ विसरू नका, नाहीतर सुडो प्रत्येक वेळी कुरकुर करतं.

आयपी प्रत्येक मशीनमध्ये शिरून लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अर्पानेटवर सगळ्या नावांची एकच फाइल होती, ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत सांभाळत आणि बाकीचे उतरवून घेत. मशीन वाढली तसं ते झेपेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं. आपल्या वीस मशीनना एक डीएनएसमास्क पुरतं: मॅक, नाव आणि आयपी एका ओळीत, सगळ्या ओळी एकाच फाइलमध्ये. डीएचसीपी आणि डीएनएस दोन्ही त्यातूनच चालतात.

आणि नाव देताना प्रोजेक्टचं देऊ नका. प्रोजेक्ट मे महिन्यात संपतो, मशीन ज्युनियरकडे जातं. राजगड, तोरणा ठेवायला मजा येते, पण विसावा किल्ला आठवेपर्यंत प्रॅक्टिकल संपेल. लॅब-०१, लॅब-०२ बरं. मधे हायफनच द्या, अंडरस्कोअर होस्टनेममध्ये चालत नाही.