रक्तचंदन दुर्मीळ, दगडफूल मुबलक: चार गैरसमज

मुका मार लागला की सहाणेवर रक्तचंदनाची बाहुली उगाळायची आणि गोड्या मसाल्यात दगडफूल घालायचं, या मराठी घरांतल्या जुन्या सवयी. रक्तचंदनाचं झाड आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'धोक्यात' या गटात आहे. दगडफूल किराणा दुकानात सहज मिळतं. गैरसमज मात्र दोघांच्याही वाट्याला सारखेच आले आहेत.

गैरसमज: रक्तचंदन ही चंदनाचीच लाल जात.
वस्तुस्थिती: दोघांची कुळं वेगळी. रक्तचंदन शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुळातलं. आपल्या जंगलातला बिवळा त्याचा जवळचा नातलग. रक्तचंदनाला चंदनाचा सुगंध नसतो. मोल असतं ते सँटालिन या रंगद्रव्यामुळे लाल झालेल्या गाभ्याला.

गैरसमज: दगडफूल झाडाचा रस शोषतं.
वस्तुस्थिती: तसं करतं ते बांडगूळ. दगडफूल म्हणजे बुरशी आणि सूक्ष्म शैवाल यांचा एकत्र संसार. हे १८६७ साली स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी मांडलं. अन्न शैवाल तयार करतं, पाणी पावसातून आणि हवेतून मिळतं. दगडफुलाला मुळं नसतात. झाडाची साल ही त्याची फक्त बसायची जागा.

गैरसमज: रोपं लावली की रक्तचंदन वाचलं.
वस्तुस्थिती: त्याचं नैसर्गिक घर पूर्व घाटाच्या दक्षिण भागात, मुख्यतः आंध्र प्रदेशातल्या शेषाचलम आणि लगतच्या डोंगरांत आहे. गाभा भरायला काही दशकं जातात. तस्करांची कुऱ्हाड नेमकी भरल्या गाभ्याच्या मोठ्या झाडांवर पडते आणि जंगलात बी धरणारी झाडंही तीच. लागवडीतून लाकूड मिळेल, पण रानातल्या झाडांमधलं जनुकीय वैविध्य त्यातून भरून येत नाही.

गैरसमज: दगडफूल कितीही काढा, संपत नाही.
वस्तुस्थिती: त्याचा पसारा मोठा आहे, वाढ मात्र वर्षाला काही मिलिमीटर. मसाल्यासाठीचा बराच माल हिमालयातल्या झाडांवरून खरवडला जातो. खरवडलेली फांदी पुन्हा भरायला अनेक वर्षं लागतात. जुनं झाडच तुटलं तर जागाही जाते. शिवाय हवेतलं सारं शोषून घेत असल्यामुळे गंधकाच्या धुरासारखं प्रदूषण अनेक दगडफुलांना सोसत नाही.

तेव्हा दुकानात दगडफुलाची पोती दिसतात म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. एका वर्षात किती काढलं आणि तेवढ्यात किती वाढलं, हा हिशेब दुर्मीळ झाडाइतकाच मुबलक दगडफुलालाही लागू आहे.