शंका काढणारी, तरी साथ न सोडणारी



प्रत्येक बचत गटात अशी एक जण असतेच. बाकीच्या सह्या करून मोकळ्या होतात आणि ती विचारते, "पण एखादीचा हप्ता थकला तर व्याज कोण भरणार?" सगळ्या म्हणतात, "हिला मेलीला सगळ्यातच शंका!" पण गटावर खरोखर अडचण आली, की शेवटपर्यंत थांबणारीही तीच असते. शंका आणि निष्ठा एकाच स्वभावात कशा नांदतात, ते आज आपण समजून घेऊ या.

स्वभाव ओळखण्याची एनियाग्राम नावाची एक पद्धत आहे. ग्रीक भाषेत 'एनिया' म्हणजे नऊ. एका वर्तुळावर नऊ बिंदू आणि प्रत्येक बिंदू म्हणजे एक स्वभाव. आजची मांडणी मुख्यतः ऑस्कर इचाझो यांची. चिलीचे मानसोपचारतज्ज्ञ क्लाउडिओ नारान्हो यांनी १९७० नंतर ती अमेरिकेत शिकवली. त्यातला सहावा स्वभाव आपल्या या मैत्रिणीचा. आम्ही तिला 'भरवशाची' म्हणू.

तिची मूळ भीती एकच: आधार सुटेल आणि आपण एकट्या पडू. म्हणून उद्या काय बिघडेल, कोणावर विसंबावं, हे तिचं मन सतत चाचपून बघतं. या भीतीची दोन रूपं दिसतात. एक जण दहा जणांना विचारते आणि निर्णय पुढे ढकलते. दुसरी भीतीवरच चालून जाते, वाद घालते, वरिष्ठांना तोंडावर जाब विचारते. ती धीट वाटते, पण आतली धडधड तीच असते.

अशा बाईला आपण पटकन म्हणतो, "काही होत नाही गं, उगाच काळजी करतेस." त्याने तिचं समाधान होत नाही. आपलं ऐकूनच घेतलं नाही, असं तिला वाटतं. त्यापेक्षा नेमकी माहिती द्यावी. "हप्ता थकला तर काय करायचं, ते ठरावात लिहू या," असं म्हटलं की ती निवांत होते. दिलेला शब्द पाळावा. उशीर होणार असेल तर आधी कळवावं. आणि तिच्या शंकेला अविश्वास समजू नये. जिला इथेच राहायचं आहे, तीच घराची भिंत ठोकून बघते.

हा स्वभाव तुमचाच असेल, तर दोन गोष्टी करून बघा. वहीत दोन रकाने आखा. एकात 'घडलंय काय' ते लिहा, दुसऱ्यात 'वाटतंय काय' ते. बऱ्याचदा दुसराच रकाना लांबलेला दिसेल. आणि कोणाचा सल्ला घेण्याआधी स्वतःचं उत्तर लिहून ठेवा. महिन्याभराने वही उघडा. आपला अंदाज किती वेळा बरोबर होता, ते कळेल. जो भरवसा आपण बाहेर शोधतो, तो हळूहळू आत रुजतो.

मात्र निष्ठेलाही सीमा हवी. "इतकी वर्षं काढली, आता कसं सोडू?" म्हणत या स्वभावाच्या बायका त्रास सोसत राहू शकतात. घरात मारझोड किंवा धमक्या असतील, तर तिथली भीती हा स्वभावाचा दोष नाही, तो खरा इशारा आहे. अशा वेळी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. एनियाग्राम ही वैद्यकीय तपासणी नाही. तिला शास्त्रीय पुराव्याचा भक्कम आधारही नाही. स्वतःकडे बघायचा आरसा म्हणून ती वापरावी, दुसरीच्या कपाळावर शिक्का मारायला नाही. काळजीने झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे.

या आठवड्यात कोणी शंका काढली, तर तिला गप्प करण्याआधी एवढंच विचारा: "तुला नेमकी कशाची खात्री हवी आहे?"