विश्लेषण : जुन्या कॉमिक्सना कोट्यवधींचा भाव का मिळतो? ‘प्रेसिंग’ आणि ‘ग्रेडिंग’ म्हणजे काय?

आईच्या निधनानंतर तिचे घर आवरताना अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात तीन भावांना माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली काही कॉमिक्स सापडली. त्यात १९३९ सालचा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक होता. मूळ किंमत १० सेंट. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘हेरिटेज ऑक्शन्स’च्या लिलावात तो ९१ लाख २० हजार डॉलरना, म्हणजे साधारण ८० कोटी रुपयांना विकला गेला. अंक दुर्मीळ होताच, पण या किमतीमागे प्लास्टिकच्या कवचावर छापलेला एक आकडाही होता – १० पैकी ९.०. हा आकडा कोण ठरवते, तो वाढवण्यासाठी काय केले जाते आणि त्यावर किती विसंबावे, याचा हा आढावा.

कॉमिक्सचे मोल कशावर ठरते?

केवळ जुने झाले म्हणून कोणतेही कॉमिक मौल्यवान होत नाही. अंकाचे महत्त्व, शिल्लक प्रतींची संख्या आणि प्रतीची अवस्था या तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. सुपरमॅन ज्यात प्रथम अवतरला तो ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ सालचा. त्याच्या आज सुमारे शंभर प्रतीच उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्या काळी कॉमिक्स वाचून झाली की फेकली जात आणि दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांतही बरीच गेली. ती कोणी जपली नाहीत, म्हणूनच आज ती महाग आहेत.

याच्या उलट उदाहरण १९९१ सालच्या ‘एक्स-मेन’ मालिकेच्या पहिल्या अंकाचे. पुढे भाव येईल या आशेने लोकांनी एकाच अंकाच्या अनेक प्रती घेतल्या आणि हा अंक ८० लाखांहून अधिक खपला. लाखो प्रती पिशव्यांत जपून ठेवल्या गेल्या. परिणामी ३० वर्षांनंतरही त्याची साधी प्रत अमेरिकेत किरकोळ किमतीत मिळते. १९९२ च्या अखेरीस आलेल्या ‘सुपरमॅनचा मृत्यू’ या गाजलेल्या अंकाचीही हीच गत झाली. सट्ट्याचा हा फुगा फुटला, शेकडो दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

ग्रेडिंगची गरज का भासली?

रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० मध्ये कॉमिक्सच्या किमतींची पहिली मार्गदर्शिका काढली. कोणत्या अवस्थेतील अंकाला किती भाव, याची काहीएक शिस्त त्यातून आली. पण अवस्था ठरवणार कोण, हा प्रश्न उरलाच. विकणारा म्हणे ‘जवळपास नवा’, घेणाऱ्याला मात्र घरी आल्यावर घड्या आणि डाग दिसत. इंटरनेटवरील खरेदी-विक्री वाढली, तेव्हा अंक हातात न घेताच पैसे मोजायची वेळ आली आणि वाद वाढले.

ही अडचण ओळखून २००० साली अमेरिकेत ‘सर्टिफाइड गॅरंटी कंपनी’ अर्थात सीजीसी सुरू झाली. फ्लोरिडातील सॅरासोटा येथून चालणारी ही कंपनी ना विक्रेत्याची, ना ग्राहकाची. शुल्क घेऊन अंक तपासायचा, त्याला गुण द्यायचे आणि तो पारदर्शक कवचात बंद करायचा, हे तिचे काम. संग्राहक या बंद प्रतीला ‘स्लॅब’ म्हणतात. पुढे २०१४ मध्ये सीबीसीएस ही प्रतिस्पर्धी कंपनी आली, तरी बाजारात सीजीसीचेच वजन अधिक राहिले.

गुण कसे दिले जातात?

श्रेणी ०.५ पासून १० पर्यंत असते आणि तिच्यात एकूण २५ पायऱ्या आहेत. खालच्या टप्प्यात अर्ध्या-अर्ध्या गुणाचे अंतर असते. वर मात्र ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ अशी बारीक विभागणी होते. एकाहून अधिक परीक्षक अंक पाहतात आणि शेवटी एक गुण निश्चित होतो. पाने मोजली जातात, कारण एखादे पान किंवा कूपन कापलेले असू शकते. ‘वुल्व्हरिन’चे पूर्ण दर्शन घडवणाऱ्या १९७४ सालच्या ‘इनक्रेडिबल हल्क’च्या १८१ व्या अंकात जमवण्यासाठी एक छापील ‘स्टॅम्प’ होता. तेव्हा मुलांनी तो हौसेने कापून घेतला आणि त्या प्रतींचे मोल आज त्यामुळेच घसरले आहे.

मुखपृष्ठाची चमक, कोपरे, पिनांचा गंज, अंकाच्या पाठीवरच्या बारीक रेघा, पानांचा रंग हे सारे पाहिले जाते. जुनी कॉमिक्स स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापलेली असत. या कागदातील लिग्निन आणि आम्ल यांमुळे पाने आधी पिवळी, मग तपकिरी आणि शेवटी ठिसूळ होतात. त्यामुळे पानांच्या रंगाची नोंदही लेबलवर असते.

लेबलचा रंगही महत्त्वाचा. निळे म्हणजे सर्वसाधारण प्रत. पिवळे म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीसमोर लेखकाची किंवा चित्रकाराची स्वाक्षरी झालेली प्रत. हिरवे म्हणजे एखादा मोठा दोष बाजूला ठेवून गुण दिलेली प्रत. जांभळे म्हणजे रंग भरणे, कडा कापणे, फाटलेला भाग जोडणे अशी दुरुस्ती केलेली प्रत. एके काळी दुरुस्ती चांगली समजली जाई. आज जांभळे लेबल लागले की किंमत बरीच खाली येते.

अर्ध्या गुणाने किती फरक पडतो?

‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची ८.० गुणांची प्रत फेब्रुवारी २०१० मध्ये १० लाख डॉलरना विकली गेली. जेमतेम महिन्याभराने ८.५ गुणांच्या प्रतीला १५ लाख डॉलर मिळाले. अंक तोच, गुण अर्धाच जास्त आणि फरक पाच लाख डॉलरचा. ८.५ गुणांच्या एका प्रतीला एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलर मिळाले. स्पायडरमॅनचे पदार्पण असलेल्या १९६२ सालच्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकाची ९.६ गुणांची प्रत सप्टेंबर २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरना गेली. पायरी जितकी वरची, तितक्या प्रती कमी आणि उडी मोठी. ही उडी मारण्याच्या प्रयत्नातूनच ‘प्रेसिंग’चा धंदा उभा राहिला.

प्रेसिंग म्हणजे नेमके काय?

कपड्याला इस्त्री करावी तसा हा प्रकार, मात्र बराच नाजूक. अंकाला आधी मोजका दमटपणा देऊन कागदाचे तंतू सैल केले जातात. मग सपाट तापपट्टी असलेल्या यंत्रात, वर-खाली विशिष्ट कागद ठेवून, ठरावीक उष्णता आणि दाब दिला जातो. त्यानंतर अंक दाबाखालीच थंड होऊ दिला जातो. त्याआधी बरेचदा खोडरबरासारख्या साधनांनी वरवरची धूळ आणि पेन्सिलीच्या खुणा काढल्या जातात.

यामुळे बोटांचे ठसे उमटून पडलेले खळगे, वळलेले कोपरे, पानांच्या लाटा आणि रंग न उडालेल्या घड्या जातात. पण जिथे घडीवरचा रंग तुटून पांढरा कागद दिसतो, तिथे प्रेसिंगचा काही उपयोग नसतो. फाटणे, डाग, गंज, गहाळ पान यांवरही हा इलाज नाही. म्हणून जाणकार आधी अंक तिरप्या प्रकाशात पाहतात. दोष दाबाने जाणारा आहे की नाही, हे तिथेच कळते.

घरच्या इस्त्रीने हे काम करण्याचा मोह अनेकांना होतो आणि तोच घातक ठरतो. उष्णता जास्त झाली तर मुखपृष्ठाची चकाकी जाते किंवा ते कागदाला चिकटते. पिनांचा वळ पानांवर उमटतो. डिंकाने चिकटवलेल्या जाड अंकांची पाठ सुटते. ठिसूळ पाने तर दाबाखाली तुटूच शकतात.

प्रेसिंग ही दुरुस्ती की बनवाबनवी?

संग्राहकांत यावरून बरीच वर्षे वाद आहे. सीजीसी प्रेसिंगला दुरुस्ती मानत नाही. प्रेस केलेल्या अंकालाही निळेच लेबल मिळते. यात अंकाला बाहेरचे काही जोडले जात नाही की काढले जात नाही आणि चांगले प्रेसिंग ओळखताही येत नाही, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. विरोधकांच्या मते, अंक मुद्दाम सुधारून गुण वाढवले असतील तर ग्राहकाला ते कळायला हवे.

यात हितसंबंधांचा मुद्दाही आहे. गुण देणाऱ्या सीजीसीच्याच उद्योगसमूहातील सीसीएस ही कंपनी प्रेसिंगची सेवा देते. शिवाय फार मौल्यवान अंकांचे तपासणी शुल्क बाजारमूल्याच्या प्रमाणात आकारले जाते. यातून गैरप्रकार होतोच असे नाही, पण तपासणाऱ्याचे उत्पन्न अंकाच्या किमतीशी जोडलेले आहे, हे ग्राहकाने ध्यानात ठेवलेले बरे.

कवच बंद झाले म्हणजे निर्धास्त?

तसेही नाही. २०२३ च्या अखेरीस या बाजाराला मोठा धक्का बसला. खराब झालेले कवच बदलून देण्याची सोय कंपनीकडे होती. तिचा गैरफायदा घेऊन जास्त गुणांच्या कवचात कमी दर्जाच्या प्रती सरकवल्या गेल्याचे उघड झाले. पुढे सीजीसीने संशयित प्रमाणपत्र क्रमांकांची यादी जाहीर केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. कवचावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांसाठी हा धडा होता.

कोणत्या अंकाच्या किती गुणांच्या किती प्रती आहेत, याची गणना कंपनी प्रसिद्ध करते. पण तीही काटेकोर मानता येत नाही. कमी गुण मिळाले की अनेक जण कवच फोडतात, अंक प्रेस करून पुन्हा पाठवतात. जुना क्रमांक रद्द करायचा राहिला तर एकच प्रत दोनदा मोजली जाते. शिवाय परीक्षक माणसेच असल्याने तोच अंक दुसऱ्यांदा पाठवल्यावर वेगळा गुण मिळू शकतो. आकडा दशांशात असला, तरी ते मोजमाप नसून अनुभवी माणसांचे मत असते.

खर्चाचे गणित कसे असते?

समजा, एखाद्या अंकाची सुटी प्रत ६० डॉलरना मिळते. प्रेसिंग, ग्रेडिंग, टपाल आणि विमा मिळून ७० डॉलर लागले, तर गुंतवणूक १३० डॉलरची झाली. ९.८ गुण मिळून ती प्रत ३०० डॉलरना गेली तर फायदा. ९.४ गुणांवर १०० डॉलरच मिळाले तर थेट तोटा, शिवाय विक्रीचे कमिशन वेगळे. हे आकडे समजण्यापुरते असले, तरी हिशेबाची रीत हीच आहे. गुण कमी पडले तरी खर्च निघेल का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. भारतातून अंक पाठवायचा तर जाण्या-येण्याचा खर्च, सीमाशुल्काचे सोपस्कार आणि वाटेतील धोका यांची त्यात भर पडते.

आपल्याकडील जुन्या कॉमिक्सचे काय?

‘टाइम्स’ समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. त्यातला वेताळ मराठीतूनही घरोघरी पोहोचला. अनंत पै यांची अमर चित्र कथा १९६७ ची, तर ‘टिंकल’ १९८० चे. या अंकांना आज संग्राहकांमध्ये मागणी आहे. मात्र आपल्याकडे कॉमिक्स जपण्याची रीत वेगळी होती. दहा-बारा अंक एकत्र शिवून त्यांचे बाइंडिंग केले जाई. अंक टिकले ते त्यामुळेच, पण बाइंडरने कडा कापल्या आणि दोऱ्यासाठी भोके पाडली. ग्रेडिंगच्या भाषेत हे गंभीर दोष ठरतात. वाचनालयाचा शिक्का, मुखपृष्ठावर पेनाने लिहिलेले नाव, फाटल्या जागी लावलेली चिकटपट्टी हेही ओघाने आलेच.

अशा अंकांना परदेशी प्रमाणपत्र घेण्याची घाई करण्याचे कारण नाही. त्याआधी ते टिकवणे महत्त्वाचे. चिकटपट्टी लावू नये आणि जुनी ओढून काढू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा निघत नाही. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पिशवी आणि आम्लरहित पुठ्ठा वापरावा. अंक उन्हापासून आणि ओलसर भिंतीपासून दूर ठेवावेत. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात पिना गंजतात, बुरशी धरते, कसर लागते. म्हणून पावसाळ्यानंतर एकदा खोका उघडून पाहावा. बांधलेला खंड सुटे अंक करण्यासाठी उसवू नये, त्यात पाने फाटण्याचीच शक्यता अधिक.

कॅलिफोर्नियातील त्या माळ्यावरच्या अंकाला ९.० गुण मिळाले, ते थंड हवेत ८० हून अधिक वर्षे तो फारसा न हाताळता पडून राहिला म्हणून. कागद एकदा ठिसूळ झाला, की पैसे मोजून तो पूर्ववत करता येत नाही. आणि कवचात बंद झालेला अंक पुन्हा चाळून वाचता येत नाही. त्यामुळे हाती असलेला अंक विकायचा आहे, जपायचा आहे की वाचायचा आहे, हे कवचाचे पैसे भरण्याआधी ठरवावे लागते.