पिंगलेची रात्र आणि तुकोबांची खतं

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार येतात. आधी गोड लागून शेवटी विष होणारं राजस, झोप-आळसात बुडवणारं तामस आणि सुरुवातीला कडू वाटून पुढे अमृत होणारं सात्त्विक. मांडणी गीतेचीच, ज्ञानदेवांनी ती शके १२१२ मध्ये मराठीत आणली. पुढची चार शतकं वारकरी संत याच प्रश्नाकडे वळत राहिले. विषयांतलं सुख टिकत नाही, मग टिकणारं कुठे आहे? विठ्ठलापाशी, हे त्यांचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ते त्यांनी कशातून जाऊन मिळवलं, हे मात्र आपण फारसं पाहत नाही.

त्यासाठी संसार टाकावा लागतो, असा एक समज आहे. पण अरणचे सावतोबा आयुष्यभर मळ्यात राबले. ते पंढरीलाही गेले नाहीत, असं परंपरा सांगते. एकनाथ पैठणला भरल्या घरात राहिले. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. त्यात अवधूताचे चोवीस गुरू भेटतात. रूपाला भुलून पतंग जळतो, नादाला भुलून हरीण सापडतं, जिभेपायी मासा गळाला लागतो. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती विदेह नगरीतली पिंगला. धनवान गिऱ्हाइकाची वाट पाहत ही गणिका मध्यरात्रीपर्यंत दाराशी ताटकळते, आत-बाहेर करते. शेवटी आशाच सुटते. आपल्या हृदयात राहणाऱ्याला सोडून आपण कुणाकुणाची वाट पाहिली, हे तिला उमगतं आणि ती शांत झोपते. तिला कुणी उपदेश केलेला नाही. थकव्यातूनच तिला वाट सापडली, म्हणून ही गोष्ट मला कुठल्याही प्रवचनापेक्षा खरी वाटते.

तुकोबांची वाट याहून खडतर. देहूचं हे घराणं खाऊनपिऊन सुखी होतं. महाजनकी होती, वाण्याचा व्यवसाय होता. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात गुरंढोरं गेली, धंदा बसला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. या पडझडीनंतर त्यांनी देवाकडे पाठ फिरवली नाही. मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ सावरलं आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात नामाचा अभ्यास केला. परंपरा सांगते की कर्जखतांचा धाकट्या भावाचा वाटा त्यांनी त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. लोकांकडून येणं असलेला पैसा पाण्यात सोडणारा हा माणूस हरलेला नव्हता. ज्यावर भिस्त ठेवली होती ते दुष्काळाने एकदा ओरबाडून नेलं होतं; आता भिस्त वेगळ्या जागी होती. तरीही गाथेत तळमळ आहे, देवाशी भांडण आहे, स्वतःच्या मनावर केलेले कठोर वार आहेत. आनंदाचे अभंग या सगळ्याच्या शेजारीच आहेत.

चोखोबांकडे पाहिलं की हे आणखी लख्ख दिसतं. ज्याच्यावर जीव जडला, त्याच्या देवळाचं दार त्यांना बंद. नामात रंगलेला हा माणूस आपल्या वाट्याला आलेल्या हीनतेचा जाब देवालाच विचारतो. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला आणि समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, बाहेरच राहिली. भक्ती म्हणजे दुःख विसरायला लावणारी गुंगी, असं म्हणणाऱ्यांनी चोखोबा वाचावेत. देवावरच्या प्रेमाने त्यांची अन्यायाची जाणीव बोथट झाली नाही, आणि त्या जाणिवेने प्रेमही आटलं नाही.

तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाईंनी तर नवऱ्याचा मार सोसत हाच मार्ग धरला आणि तो छळ आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत न लपवता सांगितला.

आणि इतकं भोगूनही तुकोबा मोक्ष मागत नाहीत. संतांची संगत आणि नामाची गोडी मिळणार असेल, तर पुन्हा गर्भवास सोसायची त्यांची तयारी आहे.