अडीच लाखांचे साडेपंचवीस लाख : सेवा क्लबांच्या ग्रँटचा हिशेब

२६ डॉलर ५० सेंट. रोटरी फाउंडेशनच्या खात्यात जमा झालेली ही पहिली देणगी. रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी १९१७ साली जगाच्या भल्यासाठी कायमचा निधी उभारण्याची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या क्लबने अधिवेशनातून उरलेली ही रक्कम पाठवून दिली. फाउंडेशनने पहिली ग्रँट दिली १९३० साली, ५०० डॉलरची. लायन्सचे फाउंडेशन १९६८ साली स्थापन झाले. त्याची पहिली ग्रँट १९७२ सालची, साउथ डकोटातल्या पूरग्रस्तांसाठी ५,००० डॉलर.

आज जगभर रोटरीचे सुमारे १२ लाख आणि लायन्सचे सुमारे १४ लाख सभासद आहेत. फक्त पोलिओ निर्मूलनासाठी रोटरीने २ अब्ज १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली आहे. हे आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरसारख्या, तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्याच्या गावाला त्यांचा उपयोग काय? सेवा क्लब म्हटले की आपल्याला वह्यावाटप, वृक्षारोपण आणि पदग्रहण सोहळा आठवतो. ग्रँटचे गणित समजून घेतले तर त्याच क्लबाकडून याहून कितीतरी मोठ्या कामाची अपेक्षा करता येते, आणि ती करायला हवी.

एका ग्रँटचे गणित

रोटरीची ग्लोबल ग्रँट मिळवायची तर प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो. एक डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ही रक्कम साडेपंचवीस लाख रुपये होते. चाळीस सभासदांच्या क्लबाला एवढे पैसे स्वतः उभे करणे शक्य नाही. ग्रँटमध्ये ते चार ठिकाणांहून येतात. एक नमुना हिशेब मांडू.

स्थानिक क्लबाची रोख रक्कम : ३,००० डॉलर (२ लाख ५५ हजार रुपये)
आपल्या प्रांताचा निधी : १०,००० डॉलर (साडेआठ लाख)
परदेशी भागीदार प्रांताचा निधी : ५,००० डॉलर (सव्वाचार लाख)
फाउंडेशनच्या जागतिक निधीची जोड : १२,००० डॉलर (१० लाख २० हजार)

प्रांत म्हणजे रोटरीची रचना, महसुली जिल्हा नव्हे. दोन्ही प्रांतांनी मिळून जे १५,००० डॉलर दिले, त्यावर सध्याच्या नियमाप्रमाणे ८० टक्के जोड मिळते. चाळीस सभासदांत स्थानिक वाटा विभागला तर माणशी ६,३७५ रुपये पडतात. म्हणजे स्थानिक एका रुपयामागे गावात दहा रुपयांचे काम उभे राहते.

पण एका रुपयाचे दहा झाले म्हणून फुकटचे काही मिळाले, असे नाही. प्रांताचा निधी सभासदांच्याच जुन्या देणग्यांतून तयार होतो. वार्षिक निधीत दिलेला पैसा तीन वर्षे गुंतवला जातो. त्यातून ५ टक्के कारभारासाठी ठेवून उरलेल्याचा निम्मा भाग प्रांताला परत मिळतो आणि निम्मा जागतिक निधीत जातो. आज प्रांताकडे खर्चायला १०,००० डॉलर असतील, तर तीन वर्षांपूर्वी त्या प्रांतातल्या सभासदांनी सुमारे २१,००० डॉलर, म्हणजे जवळपास १८ लाख रुपये दिलेले असतात. ज्या प्रांतात देण्याची सवय आहे, त्यालाच मागण्याची ताकद येते.

ग्लोबल ग्रँटसाठी परदेशी भागीदार असावाच लागतो, आणि ही अट आपल्याकडे आणखी एका कारणाने महत्त्वाची ठरते. विदेशी देणगी नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेला पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि त्यातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपलीकडे करता येत नाही. तालुक्यातल्या छोट्या संस्थेला ही सगळी कागदपत्रे सांभाळणे जड जाते. मोठ्या फाउंडेशनचे मार्गदर्शन तिथे उपयोगी पडते.

नजरेचा हिशेब

मराठवाड्यात ग्रँटचे मोल सर्वांत स्पष्ट दिसू शकते ते डोळ्यांच्या कामात. लातूर जिल्ह्यात उदगीरला लायन्सच्या नावाने चालणारे उदयगिरी नेत्र रुग्णालय आहे. लायन्स आणि अंधत्व निवारण यांचे नाते १९२५ पासूनचे. त्या वर्षी हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले होते. १९९० साली ‘साइटफर्स्ट’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या मोहिमेत १४ कोटी डॉलरच्या आसपास निधी जमला.

गरज किती आहे? २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये ते १.९९ टक्के, आणि त्यांच्या अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण एकच : मोतीबिंदू. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार होती आणि लातूरची २४ लाख ५४ हजार. राष्ट्रीय सरासरी लावली तर नांदेडमध्ये सुमारे १२,१०० आणि लातूरमध्ये सुमारे ८,८०० माणसे अंध असू शकतात. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. तरीही तो कामाची व्याप्ती दाखवतो. त्यातल्या बहुतेकांची दृष्टी एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येऊ शकते.

मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियेसाठी स्वयंसेवी रुग्णालयांना राष्ट्रीय कार्यक्रमातून प्रत्येक शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळते. भिंग, औषधे, टाके अशा चालू खर्चाला ते हातभार लावते. मायक्रोस्कोप, मोतीबिंदू काढण्याचे फेको यंत्र, शस्त्रक्रियागृह, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण हा एकदाच करायचा मोठा खर्च मात्र त्यातून निघत नाही. साइटफर्स्टसारख्या ग्रँट याच जागी कामी येतात.

आता साडेपंचवीस लाखांची यंत्रसामग्री घेतली आणि ती पाच वर्षे चालली, असे धरू. वर्षाला ५०० शस्त्रक्रिया झाल्या तर प्रत्येक रुग्णामागे यंत्राचा खर्च १,०२० रुपये. वर्षाला २,००० झाल्या तर तोच खर्च २५५ रुपये. यंत्र तेच, ग्रँट तीच, मोल चौपट. ही चौपट वाढ डॉलरने होत नाही. गावोगावच्या शाळांत तपासणी शिबिर लावणारे, आशाताईंकडून याद्या घेणारे, घाबरलेल्या आजीला समजावून गाडीत बसवणारे, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटेपर्यंत थांबणारे आणि महिन्याने फेरतपासणीला आठवणीने नेणारे कार्यकर्ते ती घडवतात. ग्रँट यंत्र आणते. त्या यंत्रापर्यंत माणूस आणण्याचे काम स्वयंसेवकच करतात.

पाण्याचा हिशेब

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा टँकर, प्रत्येकी ५० हजार लिटर, एकूण ५ लाख लिटर. तलावातून १०,००० घनमीटर गाळ काढला तर एक कोटी लिटरची जागा मोकळी होते. म्हणजे तलाव एकदा भरला की तशा वीस गाड्यांइतके जादा पाणी गावातच साठते, आणि काढलेला गाळ शेतात जातो. पाणी व स्वच्छता हे रोटरीच्या सात कार्यक्षेत्रांपैकी एक आहे. दुष्काळी पट्ट्यात क्लबाने त्यावर भर द्यावा यासाठी वेगळा पुरावा लागू नये.

कुठे पुरे पडत नाही

या ग्रँटची मर्यादाही आकड्यांतूनच कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्यासाठी शासन आणि जागतिक बँकेचा पैसा लागला. गावे दत्तक घेऊन घरे बांधणाऱ्या देणगीदार संस्था त्यांच्या जोडीला होत्या. लायन्सची तातडीची आपत्ती ग्रँट १०,००० डॉलरपर्यंतची, म्हणजे साडेआठ लाख रुपयांची असते. ती पहिल्या आठवड्याचे अन्न, पांघरूण आणि औषध देऊ शकते, गाव वसवू शकत नाही.

पोलिओने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवले. १९८८ साली जगात साडेतीन लाख रुग्ण होते. भारतात २००९ साली ७४१, २०१० साली ४२ आणि २०११ साली एकच. १३ जानेवारी २०११ चा हावडा इथला तो रुग्ण देशातला शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना थेंब पाजले जात. कार्यक्रम सरकारचा होता आणि मोठा खर्चही सरकारनेच केला. रोटरीने निधीची जोड दिली, पाठपुरावा केला आणि बूथवर माणसे उभी केली. सरकारची जागा घ्यायची नाही, सरकार जिथे थांबते तिथून पुढची काही पावले चालायची, हेच या क्लबांचे खरे काम.

भोकरने काय मागावे

ग्रँटच्या अटी अनेकांना जाच वाटतात. अर्जाआधी लोकांची गरज तपासा, लाभार्थ्यांशी बोला, प्रकल्प संपल्यावर तो कोण चालवणार ते लिहून द्या, खर्चाचा अहवाल द्या. मला वाटते, मराठवाड्यासाठी रकमेइतक्याच मोलाच्या या अटी आहेत. आपल्याकडे वस्तू वाटल्या जातात, फलक लागतात, आणि वर्षभरात शाळेतले जलशुद्धीकरण यंत्र बंद पडते, कारण त्याची गाळणी बदलण्याचे पैसे कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. देखभालीचे उत्तर असल्याशिवाय पैसा सुटत नाही, ही शिस्त आपल्याला हवीच आहे.

म्हणून नांदेड-लातूर पट्ट्यातल्या क्लबांनी दरवर्षी वीस छोटे कार्यक्रम करण्यापेक्षा तीन वर्षांसाठी एकच मोठे काम हाती घ्यावे : मोतीबिंदू, शाळेतले पाणी किंवा एखाद्या तलावाचा गाळ. पहिल्या वर्षी गरजेची मोजणी करावी आणि परदेशी भागीदार शोधावा. परदेशी स्थायिक झालेले मराठवाड्याचे डॉक्टर आणि अभियंते तिथल्या क्लबांशी गाठ घालून देऊ शकतात. दुसऱ्या वर्षी अर्ज करून काम करावे. तिसऱ्या वर्षी किती माणसांना दिसू लागले, किती लिटर साठले, काय बंद पडले, हे गावासमोर जाहीर वाचून दाखवावे. आणि गावकऱ्यांनीही पदग्रहणाचे निमंत्रण आले की एवढा एकच प्रश्न विचारावा : या वर्षी कोणत्या ग्रँटसाठी अर्ज करणार, आणि त्यात आमचा वाटा किती?